घोंगड्यावरचा हात

"थंडी वाजली तर लाजू नगंस, गड्या. थंडीला कोन लाजतंय?"

आबांचा हा आवाज सिद्धूच्या कानात कधी उमटेल याचा नेम नसे. माळावर मेंढरं हाकून हाकून घोगरा झालेला आवाज, वाक्यातला शेवटचा शब्द वाऱ्यावर सोडून देणारा. बाहत्तरच्या दुष्काळात, म्हसवडच्या एसटी स्टँडावर, ते बोलले होते. माणगंगेच्या वाळूत तेव्हा पाण्याचा टिपूस नव्हता. वस्तीवरची निम्मी मेंढरं गेली होती, आणि आबा तलावाच्या कामावर खडी फोडायला जात होते. त्या कामावरूनच ते लेकाला निरोप द्यायला आले होते, भुवया धुळीनं पांढऱ्या झालेल्या. आल्या आल्या त्यांनी खांद्यावरचं काळं घोंगडं काढलं, घडी घातली आणि लेकाच्या पत्र्याच्या ट्रंकेवर ठेवलं.

आई कळवळली. "आवं, ते घरचं हाय. उद्या बनीचं लगीन निघालं म्हंजे हातरायचं काय?"

"लगीन निघंल तवा पोरगं यील की घिऊन." आबा हसले. "आन् दुसरं इणायला लोकर कुठाय? मेंढरं निसती हाडकं घिऊन हिंडत्यात. ह्यो तर बर्फात चाललाय."

मग ते थंडीचं बोलले. गाडी हलली. त्यानंतर आबांचा आवाज कानांनी ऐकायचा योग सिद्धूला आला नाही.

धनगराच्या घरात घोंगड्याला मान असतोच, पण या घरात घोंगड्याला कान होते. सिद्धूच्या आज्याच्या खांडातल्या काळ्याभोर मेंढ्यांची लोकर, सणगरानं विणलेली, चिंचोक्याच्या खळीनं ताठ केलेली. आज्याच्या खांद्यावरून ते आबांच्या खांद्यावर आलं. घरात लग्न निघालं की हळदीच्या आधी ते अंगणात हातरायचं, त्यावर भंडारा उधळायचा, आणि घरातल्या एकेकानं उजवा हात ठेवून मनात दडवलेलं बोलून टाकायचं. कुणाविषयीचा राग असो, कुणाला सांगायचं राहिलेलं असो. मनात गाठ ठेवून लावलेली हळद अंगाला धरत नाही, असं जुनी माणसं मानत. बोलणारानं खोटं बोलायचं नाही आणि ऐकणारानं ते घोंगड्याबाहेर न्यायचं नाही. शेजारच्या वस्तीवर ही रीत नव्हती. तिथली माणसं थट्टा करत, "ह्यांच्यात नवरीपरास घोंगडंच जास्त बोलतंय."

ते घोंगडं सिद्धूनं कापलं होतं.

वूच हे पोलंडातलं कापडगिरण्यांचं गाव. लाल विटांची धुराडी, आणि कोळशाच्या धुरानं करडं झालेलं बर्फ. मेंढरामागचं पोर साताऱ्याच्या बोर्डिंगात शिकलं, तिथून मुंबईच्या चित्रशाळेत गेलं, आणि सरकारी शिष्यवृत्तीनं त्याला उचलून तिथं नेऊन ठेवलं. पहिलं सबंध वर्ष नुसती तिथली भाषा शिकण्यात गेलं. मग चित्रांचे वर्ग सुरू झाले. पहिल्या दिवशी एक म्हातारी बाई समोर उघडी बसवली आणि काढा म्हणाले. सिद्धूची मान वर होईना. तास संपला तेव्हा त्याच्या कागदावर बाईच्या मागची, फरश्या लावलेली भिंतीतली शेगडी तेवढी उतरली होती, फरशीन् फरशी. शिकवणाऱ्या बाईंनी कागद उचलून पाहिला. "शेगडी जिवंत आहे," त्या म्हणाल्या. "उद्या तिच्यापुढं कोण बसलंय तेही बघ." वर्ग हसला. सिद्धूही हसला. हळूहळू त्याला बघता येऊ लागलं. इतकं, की काय बघू नये हे कळेनासं झालं.

घोंगडं मात्र ट्रंकेच्या तळाशी पडून होतं. खोलीतल्या व्हिएतनामच्या पोरानं पहिल्याच दिवशी नाक वर करून विचारलं होतं, हा कुठल्या जनावराचा वास? सिद्धूनं ट्रंकेला कुलूप घातलं. हिवाळाभर तो तिथल्या पातळ ब्लँकेटाखाली गुडघे पोटाशी घेऊन निजला. थंडीला तो लाजला नाही. घोंगड्याला लाजला.

पुढं एका हिवाळ्यात आईनं शाळेच्या गुरुजींकडून लिहवून घेतलेलं पत्र आलं. आबा दिवाळीनंतर वारले, तुझी लय वाट बघितली, एवढंच त्यात होतं. त्या दिवशी त्यानं कुलूप काढलं आणि घोंगडं अंगावर घेतलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. घेतलं ते काढेना, आणि खोलीबाहेर पडेना. शिकवणाऱ्या बाई चौकशी करत आल्या तेव्हा तो त्यातच गुरफटून बसला होता. त्यांनी घोंगड्याच्या कडेला हात लावला आणि बोटं नाकाशी नेली. मग म्हणाल्या, "हे शाळेत आण."

नंतर जे केलं ते दुःखानं केलं की हावेनं, हे सिद्धूला कधीच ठरवता आलं नाही. आबांएवढा उंच माणूस त्याला घोंगड्याच्या पट्ट्यांतून उभा करायचा होता. आधी त्यानं सबंध घोंगडं कागदावर उतरवून घेतलं, चिलमीच्या ठिणगीनं पडलेल्या भोकासकट. मग कातर उचलली. पहिली कातर लावायला त्याला अख्खी दुपार लागली. दुसरीला क्षणही लागला नाही.

त्या काळ्या पट्ट्या शाळेच्या प्रदर्शनात छताला टांगल्या, तेव्हा कुणी दार उघडलं की त्या हलत, आणि माळावरून एक माणूस चालत येतोय असं वाटे. लोक आले, पट्ट्यांपुढं उभे राहिले. मग टाळ्या वाजल्या. हे काय आहे, असं कुणीसं विचारलं. "माझे वडील," सिद्धू म्हणाला, आणि तेव्हा त्याला अभिमान वाटला. पुढं कितीदा तरी त्यानं स्वतःला बजावलं की ते दुःखच होतं. पण तो अभिमान त्याला चांगला आठवत होता. ते काम तिथल्याच एका संग्रहालयानं ठेवून घेतलं, आणि आबा तिकडंच राहिले.

सत्त्याहत्तर साली, पौषाच्या उन्हात, सिद्धू वस्तीवर परतला. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. ती वाळून काटकी झाली होती. ती हसली, पण त्या हसण्यामागं काहीतरी अडून उभं होतं. दारातून आत येऊ की नको, असं करणाऱ्या पाहुण्यासारखं. सिद्धूला वाटलं, हिला कळलंय.

"आन् घोंगडं?" आईनं विचारलं.

"मोठी पेटी मागनं बोटीनं येतीया, आये. त्यात हाय."

खोटं इतकं अलगद ओठांवर आलं, की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

बना त्याची धाकटी बहीण. जाताना परकरात होती, आता लुगड्यात आली होती. ती त्याच्यामागं लागायची. "अण्णा, तिकडं बाईला काय म्हनत्यात?"

"मान दिऊन बोलायचं तर पानी."

"आन् बाप्याला?"

"पान."

बना पोट धरून हसली. "पान-पानी! म्हंजे समदं गाव जेवायलाच बसल्यालं!"

चुलीपुढची आईही हसली. मग भाकरी थापता थापता म्हणाली, "आमी हितं घागरभर पान्यासाठी कोसकोस हिंडत हुतो, तवा तू तिकडं दिसभर पानी-पानीच करत हुतास म्हन की."

ती थट्टाच होती. पण सिद्धूनं पुढचा घास ताटातच ठेवला.

बनाचं लग्न आटपाडीकडं ठरलं होतं. नवरा फौजेत. माघात त्याची रजा सुरू व्हायची आणि रजा संपायच्या आत अक्षता पडायला हव्या होत्या. घरात तयारी होती नव्हती ती सगळी झाली. आई दिवस उगवला की विचारायची, "आली का रं पेटी?" आणि सिद्धू रस्त्याकडं बघत म्हणायचा, "यील."

"ते आल्याबिगर हळद न्हाई," आईनं एका सकाळी सांगून टाकलं. "रजा संपली तर संपू दे. पुढल्या साली बघू."

"आन् तवर त्येंनी दुसरी बघितली तर?" बना म्हणाली. डोळ्यांत पाणी घेऊनच ती सोप्यातून निघून गेली.

"सांगलीला पार्सल हापिसात बघून येतो," सिद्धू म्हणाला.

तो आधी आटपाडीच्या बाजारात उतरला. तिथं एक नवं काळं घोंगडं घेतलं, आणि ते काखोटीला मारून सांगलीला गेला. बोर्डिंगातला त्याचा दोस्त हंबीरराव तिथं पाट्या रंगवायचा. त्याचं दुकान हळदीच्या अडतींच्या गल्लीत. सिद्धूनं दुकानाच्या मागच्या अंगणात घोंगडं पसरलं, तेव्हा हंबीरराव एका अडत्याची पाटी काढत होता.

"आरं, मानसं परदेसातनं आली की नवं दावत्यात," तो ब्रश न थांबवता म्हणाला. "तू जुनं बनवाय लागलास व्हय? एवढं बर्फ तुडवून हेच शिकलास?"

 सिद्धू घोंगडं कोमट पाण्यात बुचकळून पायांनी तुडवत होता. नव्या खळीचा ताठा गेल्याशिवाय पुढं काही होणार नव्हतं.

"कुनाला फशिवतोस, सांग तरी. कुनी सायब हाय काय मोठा?"

"आई."

हंबीररावाचा ब्रश थांबला. पाटीवरचं अक्षर ओघळलं. ते त्यानं चिंधीनं टिपलं, आणि म्हणाला, "मी ज्यादा बोलत न्हाई, गड्या. हळद लागली तर म्होरल्या अडतीतनं आन. हितं लय हाय."

घोंगडं वाळलं तसं सिद्धूनं ते खरखरीत विटेनं घासलं, जिथं आबांचा खांदा घासायचा तिथं जास्त. शेणीचा धूर दिला. मेंढीच्या चरबीचा हात फिरवला, चिलीम पेटवून तिचा धूर घडीघडीत कोंडला. कडेला जुन्या भंडाऱ्याचे डाग असत. ते हळदीत जरा राख मिसळून उठवले. एका कोपऱ्याला ठिणगीचं भोक पाडलं आणि लाल दोऱ्यानं शिवलं, आईनं शिवलं होतं तसं, तिरकं, घाईघाईनं. टाका सरळ आला की तो उसवायचा आणि पुन्हा वाकडा घालायचा. वूचमध्ये जे जे शिकला होता ते सगळं बोटांत येऊन बसलं. इतक्या मायेनं त्यानं आजवर काही केलं नव्हतं, आणि ती मायाच त्याला सगळ्यात जास्त टोचत होती. काम संपल्यावर त्यानं घोंगडं अंगावर घेऊन पाहिलं. आबा आले. क्षणभर खरंच आले. त्यानं ते घाईघाईनं काढून ठेवलं.

वस्तीवर आईनं घोंगडं दोन्ही हातांनी घेतलं. लाल टाक्यावर बोट फिरवलं. मग त्यात तोंड खुपसून उभी राहिली ती राहिलीच. बनानं हळूच पाठीवर हात ठेवला तेव्हा तिनं तोंड वर काढलं, आणि सिद्धूनं लहानपणानंतर ऐकला नव्हता असा तिचा ओवीचा सूर उठला.

*काळ्या मेंढीची लोकर, काळ्या रातीवानी दाट,*
*घोंगड्यात गुंडाळीते माझ्या बाळाची मी वाट.*

"त्येंचाच वास," ती म्हणाली. "एवढ्या मुलखाचं पानी वलांडलं तरी गेला न्हाई."

सिद्धू शेळी बांधायचं निमित्त करून परड्यात गेला आणि दाव्याला उगीचच गाठीवर गाठ मारत बसला.

हळदीच्या सकाळी तात्या आले. भाऊसोतात्या म्हणजे आबांचे धाकटे भाऊ. आबांना ते धुळादा म्हणत. मेंढरं कृष्णाकाठच्या उसाच्या रानात बसवून, दुसऱ्या माणसावर टाकून ते आले होते. आबांनंतर घरातला मोठा पुरुष म्हणजे तेच. आल्याबरोबर त्यांनी घोंगड्याकडं पाहिलं, आणि पागोटं सारखं करत दूर जाऊन बसले.

अंगण सारवलेलं होतं. आईनं घोंगडं हातरलं, भंडारा उधळला. घरचीच माणसं: आई, तात्या, बना, सिद्धू. रीतीप्रमाणं नवरीनं आधी बोलायचं. बनानं हात ठेवला.

"आये, मागल्या साली दह्याचं गाडगं मी फोडलं. नाव शेळीचं सांगितलं."

"आगं भवाने! मी त्या मुक्या जनावराला उगंच झोडपलं की! ऊठ, आदी तिच्या पाया पड."

तात्यासुद्धा हसले. मग आईनं हात ठेवला आणि हसू विरून गेलं. ती कुणाकडं न बघता बोलू लागली.

"माज्या मनात सिद्धू हाय. त्येंनी हातरून धरलं तवा सिद्धूला तार केली हुती. ह्यो आला न्हाई. मी कुनाला बोलले न्हाई. परदेस लांब आसतो, सुट्टी गावत नसंल, आसं मनाला समजावलं. मनानं आयकलं न्हाई. एवढ्या वर्सांनी लेक दारात आला, तर ववाळताना माजा हात जड झाला. ते आज हितं टाकते."

सिद्धूला उमजेना. "कसली तार, आये?"

"म्हसवडातनं केल्याली."

"मला तार मिळाली न्हाई. गुरुजींचं पत्र आलं, तवा समदं हून गेलं हुतं."

आईनं लेकाच्या चेहऱ्याकडं नीट पाहिलं. मग दोघांनीही तात्यांकडं पाहिलं.

तात्यांनी हात पुढं केला, मागं घेतला, धोतराला पुसला. पुन्हा पुढं केला. तळवा घोंगड्यावर टेकला तसे ते खाली वाकले, त्यांच्या नाकपुड्या फुलल्या, आणि माळरानात लांडग्याला काठीनं हाणणारा तो राकट माणूस पोरागत रडायला लागला.

"वैनी, तार मी केलीच न्हाई."

तात्या हुंदक्यातूनच बोलत राहिले.

"दिवाळी झाली हुती. मेंढरं खाली न्यायची घाई. म्हसवडाला जायाचं म्हंजे दिस मोडला असता. आज जातो, उद्या जातो करत ऱ्हायलो. धुळादा इचारायचा, तार केलीस का रं? म्या म्हनलं, केली. मग इचाराय लागला, निघालं का पोरगं? म्या म्हनलं, निघालं, बोटीत बसलं. मग रोज इचारायचा, बोट कुठवर आली? मला कुठं ठावं, बोट कुठनं येती? म्या आपलं म्हनायचं, आली, मुंबईजवळ आली. जायाच्या दिशी मला म्हनला, दार लोटू नगा, पोरगं येतंय." तात्यांनी डोळे मिटले. "ज्या मेंढरांपायी गेलो न्हाई, ती त्येला माती देईस्तवर हितंच बसून ऱ्हायली, वैनी."

आई घोंगड्यावरून सरकत सिद्धूजवळ आली. त्याच्या गालांवरून हात फिरवून तिनं स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. "माजं चुकलं रं, लेका. बिगरगुन्ह्याची तुला मनात फाशी दिली. तू साफ हुतास, आन् म्या…"  ती त्याच्या खांद्याला डोकं टेकून रडत राहिली. सिद्धू ताठ बसून होता. आईचं डोकं जिथं टेकलं होतं तिथं कातडं भाजल्यासारखं होत होतं.

"अण्णा," बना डोळे पुसत म्हणाली, "आता तू."

त्यानं हात ठेवला. तळव्याखाली लाल टाका आला, वाकडा, स्वतःच्या हातानं घातलेला. आत्ता, असं मन म्हणालं. पण दारात हळद वाटून तयार होती, बनाच्या तोंडावर पहिल्यांदाच उजेड आला होता, आणि आई अजून त्याच्या खांद्याला टेकून होती. निमित्तं पुष्कळ होती. सगळी खरी होती.

"माज्या मनात काय न्हाई," सिद्धू म्हणाला.

हळद लागली. आटपाडीला लग्न झालं, फौजी नवरा वरातीत हसला, बना रडत रडत गाडीत बसली. सगळं रीतीनं पार पडलं. आईनं तात्यांना तोंडानं एक शब्दही लावला नाही. घोंगड्यावरचं घोंगड्याबाहेर न्यायचं नसतं. पण जेवणात त्यांचं ताट ती वाढेना, ते पाणी मागत तर तांब्या उंबऱ्यावर ठेवून आत जाई. दोन दिवसांत तात्या वाकून गेले. लग्नाच्या गर्दीत नातेवाइकांनी विचारलं, वैनी-भावजींचं काय बिनसलं? तात्या म्हणाले, "माजंच चुकल्यालं हाय." तोवर त्यांनी जन्मात कधी असं म्हटलं नव्हतं.

आणि सिद्धूला मात्र ताटात दुप्पट तूप मिळत होतं. आई त्याच्याकडं बघून बघून डोळे पुसत होती. एवढी माया त्याला आयुष्यात मिळाली नव्हती, आणि ती चोरीची होती.

लग्न आटोपून सगळे वस्तीवर परतले. सकाळचं ऊन चांगलं वर आलं होतं. तात्यांनी गाठोडं बांधलं, काठी घेतली. आई अंगणात, कुडाच्या मेढीवर घोंगडं वाळत टाकत होती. भंडारा झाडत होती.

"येतो वैनी," तात्या म्हणाले.

आईनं वळून पाहिलं नाही. घोंगड्याची सुरकुती काढत राहिली.

तात्या घोटाळले. सिद्धू त्यांना फाट्यापर्यंत सोडायला निघाला होता. त्याच्याकडं बघत, पण आवाज आईला पोचेल असा, ते म्हणाले, "वैनीचं बराबर हाय, पोरा. पर एक सांगतो. त्या दिशी म्या खोटंच बोलनार हुतो. तार केली हुती, पोष्टानं गाळली आसंल, आसं ठरवून बसलो हुतो. तोंडपाठच करून आलो हुतो. हात ठिवला आन् धुळादाचा वास आला. सगळाच्या सगळा धुळादा. मग जीभ उचलंना. त्येनंच बोलवून घेतलं म्हनायचं."

आईचा हात घोंगड्यावर थांबला. भावजीशी नाही, त्या काळ्या लोकरीशीच ती बोलली. "त्यासाठीच आलं परत. एवढ्या लांबनं. माज्या लेकावरचा आळ काढाय आलं."

 तात्यांनी पाठ फिरवली होती. दोन ढांगांत ते कुडाच्या बाहेर पडले असते आणि मग पावसाळ्यापर्यंत परत आले नसते, कदाचित कधीच आले नसते. आई घोंगड्याची घडी घालायला लागली होती. ती घडी आत देवळीत गेली, की पुढं नातवंडांच्या लग्नात हातरली जाणार होती.

"तात्या, थांबा."

तात्या वळले. सिद्धूनं आईच्या हातातलं घोंगडं धरलं. तिला वाटलं, घडी घालायला मदत करतोय. तिनं एक टोक त्याच्याकडं दिलं, आणि दोघं त्या घोंगड्याच्या दोन टोकांना उभी राहिली.

"आये, तात्यांकडनं तोंड फिरवू नगंस. त्यांनी खरं सांगितलं. त्यांच्या मागनं त्याच जाग्यावर हात ठिवून म्या खोटं सांगितलं." आता तो थांबणार नव्हता. "हे आबांचं न्हवं. आबांचं तिकडंच हाय, छताला टांगल्यालं. म्या कापलं ते. कातरीनं, पट्ट्या पट्ट्या करून. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मला बरं वाटलं. हे बाजारातलं हाय. सांगलीला हंबीररावाच्या अंगनात बसून म्या बनवलं. ह्यो टाका तुजा न्हाई, माजा हाय. आन् तात्या, तुमाला ज्यो आला, त्यो वासबी मीच केल्याला."